हायाबुसाला टर्बो बसवताना: आधी तेल, मग पेट्रोल, शेवटी बूस्ट

टर्बो किटचं खोकं उघडलं की सगळ्यांचे हात आधी टर्बोकडेच जातात. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, आणि त्या जास्तीच्या दाबाला म्हणतात बूस्ट. चकचकीत कॉम्प्रेसर, बोटाने भिरभिरणारं चाक. बघण्यासारखी वस्तू आहे, यात शंका नाही. पण ती पुन्हा खोक्यात ठेवा आणि कॉम्प्रेशन गेज काढा. पुढचे दोन-तीन दिवस टर्बोला हात लावायचा नाहीये.

या लेखात मी २००८ ते २०२० या काळात आलेली दुसऱ्या पिढीची सुझुकी हायाबुसा मोटरसायकल धरून चाललोय. १३४० सीसी, चार सिलिंडर, ८१ मिमी बोर, ६५ मिमी स्ट्रोक, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५ ला १. टर्बोसाठी ही गाडी निवडण्याला कारण आहे. क्रँक आणि क्रँककेस दणकट आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, आणि जगभर इतक्या लोकांनी तिला टर्बो लावलाय की लागेल तो सुटा भाग तयार मिळतो. दुसरी चार सिलिंडरची गाडी असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

एक गोष्ट सुरुवातीलाच. अशी गाडी आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालवणं बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल तो प्रश्न वेगळाच. तेव्हा ही गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि बंद जागेतच पळवायची. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या आहेत, कोइंबतूरला कारी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई असे ट्रॅक आहेत. गाडी फक्त रस्त्यासाठी हवी असेल तर हे काम करू नका, एवढंच माझं प्रामाणिक मत.

इंजिन तपासल्याशिवाय पाना उचलू नका

इंजिन गरम करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती आहे यापेक्षा चौघांत फरक किती आहे ते बघा. १० टक्क्यांच्या वर फरक असेल तर थांबा. त्यानंतर लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती गळते ते मोजायचं. इथेही १० टक्क्यांच्या आत हवं. हवा कुठून सुसतेय ते कान लावून ऐका. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक वॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर बुडबुडे दिसले तर हेडचं पॅकिंग गेलंय. थकलेल्या इंजिनाला टर्बो लावला तर त्याचा थकवा दहा मिनिटांत बाहेर येतो.

टॅपेटची फट बघून घ्या. क्लच प्लेटा मोजा. जास्त कडक स्प्रिंग आत्ताच मागवून ठेवा, कारण पहिल्या ट्यूनिंगच्या दिवशी सगळ्यात आधी क्लच घसरतो. क्लचचं लिव्हर जड झालं तरी चालेल.

कॉम्प्रेशन किती उतरवायचं?

१२.५ ला १ हे टर्बोसाठी जास्त आहे. उतरवायचे दोन मार्ग: कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन किंवा सिलिंडर ब्लॉकखाली स्पेसर प्लेट. पहिला मार्ग चांगला आणि महाग, दुसरा स्वस्त आणि मर्यादित.

स्पेसरचा हिशेब स्वतः करून बघा, म्हणजे हातात काय पडतंय ते कळेल. एका सिलिंडरची क्षमता ३३५ सीसी. १२.५ ला १ म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा ३३५ भागिले ११.५, साधारण २९ सीसी. ८१ मिमी बोरचं क्षेत्रफळ ५१.५ चौरस सेंमी. १.५ मिमीचा स्पेसर घातला की ७.७ सीसी जागा वाढली, एकूण ३६.८ झाली, आणि कॉम्प्रेशन आलं १०.१ ला १. १ मिमी घातला तर १०.८, २ मिमी घातला तर ९.५.

मग २ मिमीच का घालू नये? कारण पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट वाढते. ती फट बारीक असते तेव्हा मिश्रण मध्यभागी फेकलं जातं आणि जळणं वेगात होतं. फट रुंद झाली की कोपऱ्यातलं मिश्रण उशिरा जळतं आणि नॉकिंगची (मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपोआप भडकण्याची) शक्यता पुन्हा वाढते. कॉम्प्रेशन उतरवून जे कमावलं त्यातलं थोडं इथे गमावतो. ७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्टपर्यंत १.५ मिमी मला पटतो. त्यापुढे जायचं असेल तर पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि हेडचे कडक स्टड हा सगळा खर्च एकत्रच धरा, तुकड्यातुकड्याने नको.

स्पेसर घातला की हेड वर सरकतं, त्यामुळे कॅम चेनची ओढणारी बाजू लांबते आणि कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं. म्हणून सरकवता येणारे कॅम स्प्रॉकेट घ्या आणि डिग्री चकती लावून टायमिंग जागेवर आणा. ब्लॉक वर गेल्यामुळे जुने बोल्ट केसमध्ये तेवढे कमी आटे पकडतात, तेव्हा लांब स्टड लागतीलच. इथे अंदाजाने पाना ओढू नका, टॉर्क रेंच वापरा आणि तीन टप्प्यांत घट्ट करा.

तेल, आणि मुख्य म्हणजे परतीचं तेल

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला धरून ठेवतो तो तेलाचा पातळ थर. तेल आत जाणं सोपं आहे. मुख्य ऑइल गॅलरीतून आटे पाडून बारीक ब्रेडेड नळी काढायची. टर्बो बॉल बेअरिंगचा असेल तर तेलाच्या तोंडाशी सुमारे १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो, नाहीतर जास्त दाबाने तेल सीलमधून पलीकडे जातं. साध्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोला जास्त तेल लागतं, त्याला हा रिस्ट्रिक्टर लावू नका. कोणता टर्बो आहे याची खात्री न करता रिस्ट्रिक्टर लावलेला किंवा काढलेला मी अनेकदा पाहिलाय.

अवघड काम तेल बाहेर काढण्याचं. बेअरिंगमधून निघालेल्या तेलाला दाब उरलेला नसतो, ते फेसाळ होऊन फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. म्हणून परतीची नळी आतून किमान १५-१६ मिमी हवी, उतार सलग हवा, कुठेही वर चढणारं वळण नको, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) ती तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. टर्बोचं तेल येण्याचं तोंड सरळ वर, जाण्याचं सरळ खाली. फार तर १०-१५ अंश इकडेतिकडे.

माझ्या पहिल्या टर्बो गाडीने सुरू केल्यापासून पाचव्या मिनिटाला निळा धूर सोडला. सगळ्यांनी सील गेलं म्हणून सांगितलं. टर्बो उतरवून दुरुस्तीला दिला, परत बसवला, पुन्हा तोच धूर. दोन महिने आणि बराच पैसा गेला. शेवटी मीच गाडीखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. परतीची नळी एका ब्रॅकेटला वळसा घालून जाताना जेमतेम बोटभर वर चढत होती. त्या वळणात तेल साचायचं, मागे तुंबायचं आणि सीलमधून गरम टर्बाइनवर पडायचं. नळी कापून सरळ केली, धूर गेला. सील पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं.

किटच्या रचनेमुळे टर्बो चेंबरच्या तेलापेक्षा खाली बसत असेल तर तेल ओढून परत देणारा स्कॅव्हेंज पंप लावावाच लागतो. त्याला पर्याय नाही. आणि उतार तपासताना गाडी साइड स्टँडवर नको, पॅडक स्टँडवर सरळ उभी हवी.

बेंड पाईप, वेस्टगेट आणि पुढचं चाक

मूळ बेंड पाईप काढून किटचा मॅनिफोल्ड चढवा. नवीन पॅकिंग, नवीन नट, आट्यांना उष्णता सोसणारी ग्रीस. सगळे नट हाताने फिरवून सैल ठेवा, टर्बो आणि डाउनपाईप जागेवर आल्यावर मगच मधून कडेकडे घट्ट करा. आधी घट्ट केलं तर पाईप ताणात बसतो आणि तापल्यावर वेल्डिंगपाशी तडकतो.

वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला वळसा घालून एक्झॉस्ट बाहेर सोडणारी झडप. तिची जागा महत्त्वाची आहे. चारही सिलिंडरचा वायू जिथे एकत्र येतो तिथून, वाहत्या दिशेला तिरपी शाखा हवी. शाखा काटकोनात असेल तर वायू तिकडे वळत नाही आणि वेस्टगेट पूर्ण उघडूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढत राहतो. सुरुवातीला ५ ते ७ पीएसआयची स्प्रिंग ठेवा. बूस्ट कंट्रोलर आत्ता जोडूच नका.

गाडी जमिनीवर घ्या आणि रॅचेटच्या पट्ट्याने पुढचा फोर्क पूर्ण दाबा. टायर आणि मडगार्डपासून टर्बो, पाईप आणि रेडिएटर किती लांब राहतात ते मोजा. उभ्या गाडीत चार बोटं दिसणारी फट जोरात ब्रेक मारल्यावर शून्य होऊ शकते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा. मला २० मिमीपेक्षा कमी फट चालत नाही.

रेडिएटर, वायरिंग, क्लचची नळी यांच्या आणि टर्बाइनच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. जोरात चालताना टर्बाइनमधला वायू ८०० अंश सेल्सियसच्या वर असतो.

हायाबुसात एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी पेअर यंत्रणा असते. ती प्लेट लावून बंद करा, नाहीतर तिथून दाब उलटा येतो. एअरबॉक्स गेला म्हणून क्रँककेसचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) मोकळा लटकत ठेवू नका. बूस्टमध्ये रिंगांवरून खाली येणारा वायू वाढतो, त्याच्याबरोबर तेलाची वाफ येते, आणि ते तेल मागच्या टायरवर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. ते तेल अडवणारी मोठी कॅच टाकी बसवा.

हवेची बाजू

कॉम्प्रेसरपासून प्लेनमपर्यंतच्या (थ्रॉटल बॉडींआधीच्या हवेच्या पेटीपर्यंतच्या) पाईपच्या टोकांना कड काढलेली हवी, म्हणजे सिलिकॉन होज निसटत नाही. थ्रॉटल बंद झाल्यावर अडकलेला दाब सोडायला ब्लो-ऑफ वॉल्व्ह. दुय्यम थ्रॉटलच्या पाकळ्या बहुतेक जण काढून टाकतात, मीही काढतो. पण मग ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) त्यांचा हिशेब बदलायला विसरू नका.

इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर, हवा का, हे सगळे विचारतात. ३५ अंशांची हवा ७ पीएसआयला दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे ८७ अंशांवर बाहेर पडते. १४ पीएसआयला हाच आकडा १२५ च्या पुढे जातो. म्हणून ७ पर्यंत चांगल्या पेट्रोलवर इंटरकूलरशिवाय निभतं, १० नंतर इंटरकूलर किंवा पाणी-मिथेनॉलचा फवारा लागतोच. मे महिन्यात विदर्भात गाडी पळवणार असाल तर ३५ च्या जागी ४५ घालून हिशेब करा.

सगळं जोडून झाल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाला झाकण लावून १० पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. एकही बुडबुडा नको.

पेट्रोल पुरतंय का?

क्रँकवर २६० अश्वशक्ती धरू. टर्बो इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२८ किलो पेट्रोल धरावं. तासाला ७३ किलो, म्हणजे सुमारे ९८ लिटर, मिनिटाला १.६३ लिटर. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत, तेव्हा एकूण क्षमता मिनिटाला १.९ लिटर, आठ इंजेक्टरमध्ये वाटून प्रत्येकी २४० सीसी. तुमचे इंजेक्टर चाचणी बाकावर मोजून घ्या, कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. पंपही त्या दाबाला तेवढं देतो का ते मोजपात्रात पेट्रोल काढून बघा.

आता एक बारीक गोष्ट, जिने कित्येक पिस्टन वितळवले आहेत. हायाबुसात पेट्रोलचा दाब ३ बार असतो. इंजेक्टरच्या टोकाशी अर्धा बार बूस्ट आला की पेट्रोलला ढकलणारा फरक २.५ बारच उरतो आणि फवारा सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. हवा वाढतेय त्याच क्षणी पेट्रोल घटतंय. म्हणून प्लेनमला जोडलेला, बूस्टइतकाच दाब वाढवणारा रेग्युलेटर हवाच.

ट्यूनिंग

मूळ ईसीयू थ्रॉटल, आरपीएम आणि इनटेकच्या निर्वातावरून पेट्रोल ठरवतो. टर्बो गाडीत तेवढ्यावर भागत नाही. ६००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल असताना पहिल्या गिअरमध्ये २ पीएसआय असेल आणि पाचव्यात ७ असेल. थ्रॉटल आणि आरपीएम तेच, हवा निराळी. म्हणून बूस्ट मोजणारा ३ बारचा मॅप सेन्सर आणि त्यानुसार पेट्रोल देणारा नकाशा (ईसीयूमधला आकड्यांचा तक्ता) लागतो. वूलिच रेसिंगसारख्या साधनाने मूळ ईसीयू फ्लॅश करता येतो, नाहीतर स्वतंत्र ईसीयू.

एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर डाउनपाईपमध्ये, टर्बोपासून अर्धा मीटर तरी लांब आणि आडव्यापेक्षा १० अंश वर तिरपा लावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. आणि आकडे लॅम्ब्डामध्येच (प्रत्यक्ष प्रमाण भागिले संतुलित प्रमाण) वाचा. शुद्ध पेट्रोलचं संतुलित प्रमाण १४.७, पण २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं साडेतेराच्या आसपास. लॅम्ब्डा दोन्हीकडे १ च दाखवतो. पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा त्याहून वरचं. पुण्या-मुंबईत निवडक पंपांवर इंडियन ऑइलचं एक्सपी १०० मिळतं. ज्या पेट्रोलवर ट्यून केलं तेच कायम भरायचं.

स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. फट ०.६ मिमी, कारण दाबातली ठिणगी रुंद फटीत विझते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, इंजेक्टरची वायर सोडवून सेल्फ मारत राहा. टर्बोच्या परतीच्या नळीतून तेल दिसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. मग सुरू करा, आयडलवर दहा मिनिटं, हातात अग्निशामक, आणि नजर सगळ्या जोडांवर.

डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बूस्टशिवायचा भाग आधी पूर्ण करा. त्यानंतर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलची ओढ ६००० आरपीएमपर्यंत, मग ८०००, मग पुढे. प्रत्येक ओढीनंतर लॉग वाचा. बूस्टमध्ये लॅम्ब्डा ०.७८ ते ०.८२, सुरुवात ०.७८ ने. इग्निशनचं टायमिंग दर पीएसआयमागे १ अंश मागे घेऊन सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुढे या. ताकद वाढायची थांबली की तुम्हीही थांबा, नॉकिंगची वाट बघू नका. बूस्टमध्ये नॉकिंग कानाला ऐकू येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून दर तीन-चार ओढींनंतर प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. टायमिंग २ अंश मागे घ्या आणि त्या दिवसापुरतं काम बंद करा.

बूस्ट ९ पीएसआयच्या वर गेला तर पेट्रोल तोडण्याची मर्यादा ईसीयूमध्ये घाला आणि ती खरंच काम करते का ते मर्यादा ५ वर आणून तपासा. वेस्टगेटची एक नळी निसटली तर तुमच्या इंजिनाला वाचवणारी तेवढीच एक गोष्ट उरते.

पहिले ५०० किलोमीटर

मॅनिफोल्डचे नट पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर पुन्हा घट्ट करा, ते सैल होतातच. प्रत्येक धावेनंतर बंद करण्यापूर्वी एक-दोन मिनिटं आयडल, म्हणजे टर्बोतलं तेल जळून कोळसा होत नाही. तेल जासो एमए२ दर्जाचंच, कारण त्याच तेलात क्लच भिजतो. कारचं टर्बो तेल घातलं तर क्लच घसरेल.

१०० किलोमीटरला तेल बदला आणि जुना फिल्टर कापून त्याची कागदी घडी उन्हात उलगडून बघा. ५०० ला पुन्हा तेच. बारीक राखाडी गाळ चालतो. तांबूस किंवा चंदेरी चमकणारा कण दिसला तर इंजिन पुन्हा सुरू न करता चेंबर उतरवा.